डॅशबोर्डावरचा नंदी

(सोलापूरहून अक्कलकोटला जाणारा रस्ता, भर दुपार. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोर, दोराला बांधलेली बंद पडलेली पांढरी गाडी. गाडीत तिघं: स्टेअरिंगवर चन्नवीर, शेजारी त्याची आई अक्कम्मा, मागच्या सीटवर बायको दाक्षायणी.)

दाक्षायणी: अहो, दोर ढिला पडला! ब्रेक दाबा, ब्रेक!

चन्नवीर: दाबलाय की! दोनी पायांनी दाबलाय. दगड झालाय त्येचा.

दाक्षायणी: आत्ता धडकलो असतो ट्रॅक्टरला. होणाऱ्या जावयाच्या, शिवूच्या ट्रॅक्टरला. आणि तेही सुपारी फुटायच्या आधी.

चन्नवीर: धडकलो का? न्हाय ना? मग गप बस. इंजिन बंद असलं की ब्रेक असाच जड लागतो. शिवूनं दोर बांधतानाच सांगितलंय.

अक्कम्मा: भाकरी मोडली वाटतं रं.

दाक्षायणी: मोडली नाही आत्याबाई, चुरा झाला. कडक भाकरीची एक चवड माझ्या मांडीवर आहे, दुसरी पायाखाली गेली. व्याह्यांना आता चमच्यानं वाढा.

चन्नवीर: चटणीचा डबा बघ आदी. शेंगाचटणी सांडली न्हाय ना?

दाक्षायणी: दुकानातल्या चटणीची किती ती काळजी! यातली चिमूटभर जरी इंजिनाची केली असती ना...

चन्नवीर: तू व्याह्यांच्या घरी फोन केलासच का? कुंभारीला गॅरेज हुतं की.

दाक्षायणी: थांबा. परत म्हणा.

चन्नवीर: काय?

दाक्षायणी: गॅरेज. संक्रांतीपासून मी हा शब्द म्हणतेय. तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला. कान तृप्त झाले.

अक्कम्मा: चन्नू, ती बग मेंढरं. मगाशी आपल्या मागं हुती. आता पुढं चालली.

चन्नवीर: जाऊ दे की अव्वा.

अक्कम्मा: मेंढक्या हसतोय आपल्याकडं बगून.

चन्नवीर: हसू दे.

दाक्षायणी: हसणार नाही तर काय करेल? मागच्या काचेवर केवढ्या मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय, ‘नंदी प्रसन्न’. आणि त्या नंदीची गाडी दोरानं ओढत चाललीय. त्याची मेंढरं तरी स्वतःच्या पायांनी चालतायत.

चन्नवीर: दाक्षायणी, आज मुलीचं काम हाय. आज तरी तोंड गोड ठेव.

दाक्षायणी: ठेवते. एक सांगा फक्त. दोर बांधून झाल्यावर शिवू खिडकीशी आला. तुमच्या कानाशी वाकला. काय म्हणाला?

चन्नवीर: काय न्हाय.

दाक्षायणी: काय नाही कसं? तुमचा चेहरा असा झाला, दुकानात कुणी चटणीत किडा दाखवल्यासारखा.

चन्नवीर: चावी अर्ध्यावर ठेवा म्हणाला. पूर्ण बंद केली की स्टेअरिंग लॉक हुतंय. बास, इतकंच.

दाक्षायणी: हे तो मोठ्यानं म्हणाला. मी ऐकलं. त्यानंतर वाकला.

चन्नवीर: अगं, खड्डा आलाय, बोलू नको मधी!

अक्कम्मा: यप्पा! माझी कवळी!

दाक्षायणी: बरं झालं, उरलेली भाकरीपण मोडली. आता सगळी एकसारखी झाली.

अक्कम्मा: पोरगं चांगलं हाय पर. फोन केला तर ट्रॅक्टर घिऊन स्वता आलं. कपडे बघ कसले इस्तरीचे. तशाच कपड्यांत गाडीखाली झोपून दोर बांधला.

दाक्षायणी: गाडीखाली झोपला तेव्हा त्याच्या तोंडावर ऑईलचा शेवटचा थेंब पडला. तुमचं तीर्थ, आत्याबाई.

अक्कम्मा: पडू दे. मला गुडघ्याला गुण आला त्या तेलाचा.

दाक्षायणी: गुडघ्याला गुण आला, आणि चार लुगडी काळी झाली. अहो, ऐका जरा. अंगणात गाडीखाली थेंब थेंब ऑईल गळायला लागलं, तेव्हा माणसं काय करतात? गाडी दाखवतात. आपण काय केलं? खाली पितळी वाटी ठेवली.

चन्नवीर: ती अव्वानं ठेवली.

दाक्षायणी: आणि तैलाभिषेक कोण म्हणालं?

चन्नवीर: गड्ड्याची जत्रा नुकती झालेली. अडुसष्ट लिंगांना तेल घालून आलेलं अख्खं गाव. सोलापूरच्या माणसाला दुसरं काय सुचंल?

दाक्षायणी: मला सुचलं. मीपण सोलापूरचीच आहे.

चन्नवीर: तू माध्यमिक शाळेत शिकवतीस. तुला वेगळं सुचायचंच.

दाक्षायणी: पंक्चरवाल्यालाही सुचलं होतं. त्यानं आत डोकावून सांगितलं, मालक, डॅशबोर्डावरचा हा पिवळा दिवा इंजिनाचा आहे, खराबी आहे. तुम्ही काय म्हणालात?

चन्नवीर: काय म्हणालो?

दाक्षायणी: म्हणालात, हा नास्तिक दिसतोय. आणि हवा न भरता निघून आलात.

अक्कम्मा: पर नंदीच दिसतोय की त्यो, दाक्षायणी. तू खरं सांग. पिवळा, बसलेला, पाय पोटाशी घेतलेला. हितं तोंड, हितं वशिंड. नोडू, बग की, मी काय खोटं बोलते?

दाक्षायणी: दिसतो, आत्याबाई. मान्य. इंजिनाचं चित्र काढणाऱ्याला बैलच काढायचा होता असं वाटतं. पण दिसला म्हणून रोज विभूतीचे पट्टे ओढायचे त्या काचेवर? वेग किती आहे तेच दिसत नव्हतं. आणि एसीच्या भोकात बेलाची पानं! मार्चच्या उन्हात गार वारं येईना, तर म्हणे देवाला थंडी वाजते.

चन्नवीर: असं मी म्हणालो न्हाय.

अक्कम्मा: मी म्हणाले.

दाक्षायणी: आपल्या बाळीवेसेतली निम्मी माणसं दर्शनाला. दर्शनासाठी चावी चालू ठेवायची. बॅटरी उतरायची. मग तीच माणसं गाडी ढकलणार, आणि ढकलताना ओरडणार, पालखी निघाली, पालखी निघाली!

चन्नवीर: पर दुकान कसं चाललं ते सांग की. दर्शनाला आलेला माणूस रिकाम्या हातानं गेला का एक तरी? चटणी घिऊन गेला. शेंगापोळी घिऊन गेला.

दाक्षायणी: गेला. आणि ते सगळं आता कुठं जाणार? शिवूनं बोनेट उघडून काय सांगितलं?

चन्नवीर: तू ऐकलंस की.

दाक्षायणी: सांगा, आत्याबाईंना ऐकू आलं नसेल.

चन्नवीर: आत ऑईलचा थेंब न्हाय म्हणाला. सगळं एकमेकाला चिकटून बसलंय. दुरुस्त हुणार न्हाय. इंजिन अख्खं नवं बसवाय लागंल.

अक्कम्मा: लई खर्च येतो का रं?

दाक्षायणी: चंद्रिकेच्या लग्नासाठी कार्यालय ठरवायला जे बाजूला ठेवलंय ना, आत्याबाई, ते आता बोनेटखाली जाणार. लग्न कुठं करायचं? इंजिनात करा. वऱ्हाडाला तेवढी जागा पुरवून घ्या.

चन्नवीर: दारात करू. मांडव घालू. पूर्वी काय लग्नं हुत न्हवती?

दाक्षायणी: आधी ठरू तर दे लग्न.

अक्कम्मा: असं का म्हणतीस? ठरलंय की.

दाक्षायणी: कशावर ठरलंय, आत्याबाई? विसरलात? शिवूच्या आज्जी, सुंदरम्मा, तीन स्थळं नाकारून बसलेल्या. पोरगी काळी, पोरगी उंच, पोरगी फोनवर हसते. मग त्यांच्या कानावर गेलं, बाळीवेसेत एका चटणीवाल्याच्या गाडीत नंदी आपणहून आलाय. म्हणाल्या, ज्या घरी नंदी चालत आला त्या घरची पोरगी मला पाहिजे. चंद्रिकेचा फोटोसुद्धा नीट बघितला नाही.

अक्कम्मा: चंद्री काय कुणाला नापसंत पडंल?

दाक्षायणी: नाही पडणार. पण होकार नंदीला आहे, चंद्रिकेला नाही. आणि निरोप काय आलाय? येताना नंदीच्या गाडीतूनच या. दारात आरती करते, मगच सुपारी. आता तिथं जाऊन काय दाखवायचं? जळका वास?

चन्नवीर: हुईल काहीतरी.

दाक्षायणी: पोरीला तो आवडलाय हो. तुम्हाला कळलं नसेल. आतापर्यंत कुणा मुलाचा फोन आला की ती टीव्हीचा आवाज वाढवायची. याचा आला की गच्चीवर जाते. चप्पलसुद्धा घालत नाही, तापलेल्या गच्चीवर अनवाणी उभी राहून बोलते. हे मोडलं तर मी तुम्हाला माफ करणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.

चन्नवीर: मोडणार न्हाय.

दाक्षायणी: कशावरून?

चन्नवीर: मोडणार न्हाय म्हणतो ना.

अक्कम्मा: दोर ताणला, चन्नू. हिसका बसंल.

दाक्षायणी: आई गं!

चन्नवीर: सांभाळून बसा. चढ हाय.

अक्कम्मा: मला वाटतं दुसरी गोष्ट चुकली. समई लागली तवाच बघायला पायजे हुतं.

दाक्षायणी: देवा! आज आत्याबाई माझ्या बाजूनं बोलल्या.

अक्कम्मा: तांबडी समई. महाशिवरातीला लागली. मी म्हटलं, नंदीपुढं कुणीतरी दिवा लावला.

दाक्षायणी: ती ऑईलची खूण होती. ऑईल संपत आलं की लागते. आधी सिग्नलला थांबलो की लुकलुकायची, चाललो की विझायची. मी विचारलं, हे काय? तर तुमचा लेक म्हणतो, गाडी उभी असताना देव दिवा लावून जप करतो, चालताना कसा करंल?

चन्नवीर: तवा सगळ्यांना पटलं हुतं.

दाक्षायणी: मला नव्हतं. आणि आज? कुंभारी ओलांडली, समई भडक पेटली. मी म्हटलं, थांबा. थांबला नाहीत. मग ते तिसरं उमटलं. लाटांमध्ये उभी काठी.

अक्कम्मा: त्यात माझं चुकलं. पर तूच सांग, तळ्याच्या पाण्यात उभी काठी बघून सोलापूरचं माणूस गप बसंल का? सिद्धरामेश्वराचं तळं, त्यात नंदीध्वजाची काठी. मी हात जोडून ओरडले, बोला, हर्र बोला हर्र!

दाक्षायणी: आणि तुमच्या लेकानं जोरात ‘हर्र’ म्हणून पाय दाबला. ब्रेकवर नव्हे.

चन्नवीर: अंगात आलं हुतं.

दाक्षायणी: ते इंजिन तापल्याचं चिन्ह होतं. पाण्यात थर्मामीटर. बोनेटखालनं धूर निघाला, तर म्हणे होम पेटला. मग धडाम! तेव्हा आत्याबाई काय म्हणाल्या?

अक्कम्मा: शोभेचं दारूकाम.

दाक्षायणी: शोभेचं दारूकाम! अख्खा गड्डा आपल्या बोनेटखाली साजरा झाला. तैलाभिषेक, काठी, होम, दारूकाम. एक पाळणा तेवढा राहिला होता, तो आता दोरानं चाललाय. हसताय?

चन्नवीर: न्हाय.

दाक्षायणी: हसताय. खांदे हलतायत.

चन्नवीर: खड्ड्यानं हलतायत.

अक्कम्मा: हसतोय त्यो. लहानपणी बी असाच, मार बसणार असला की हसायचा.

दाक्षायणी: बरं, हसून झालं असेल तर ठरवू या. मी सरळ सांगणार आहे सुंदरम्मा आज्जींना. आज्जी, आमचं चुकलं, तो इंजिनाचा दिवा होता. पोरगी चांगली आहे, तिला बघा. आज ना उद्या कळणारच. लग्नानंतर कळलं तर पोरीला जन्मभर टोमणे.

चन्नवीर: तू काय बोलू नको. मी बघतो.

दाक्षायणी: तुम्ही काय बघणार? गाडी मेलीय. दिवा विझलाय. दाखवणार काय?

चन्नवीर: विझलाय, पर लावता येतो.

दाक्षायणी: म्हणजे?

चन्नवीर: चावी आता अर्ध्यावर हाय. आणखी एक टप्पा फिरवली की नंदी येतो. गाडी मेली तरी येतो. बॅटरी जिवंत हाय.

दाक्षायणी: हे तुम्हाला कुणी सांगितलं? शिवूनं? तेच ना, कानातलं?

चन्नवीर: व्हय.

दाक्षायणी: काय म्हणाला? शब्द न शब्द सांगा.

चन्नवीर: म्हणाला, मामा, आज्जी दारात आरती घिऊन उभी हाय. पोचलो की चावी आणखी एक टप्पा फिरवा. इंजिन चालू हुणार न्हाय, पर नंदी दिसंल. मी कुणाला बोलत न्हाय.

दाक्षायणी: म्हणजे त्याला सगळं माहीत आहे.

चन्नवीर: तो पुण्याला काय करतो ठाऊक हाय का तुला?

दाक्षायणी: कंपनीत आहे म्हणाला होतात.

चन्नवीर: गाड्यांच्या कंपनीत. इंजिनाच्या खात्यात. आज कळलं मला. आमी नुसतं पगार विचारला आन् जन्मवेळ विचारली, काम कसलं ते विचारायचं राहूनच गेलं.

दाक्षायणी: अरे देवा. आणि तुम्ही पहिल्या भेटीत त्याला डॅशबोर्डासमोर हात जोडायला लावलेत.

चन्नवीर: जोडले की त्यानं.

दाक्षायणी: मान पण डोलावली. मला वाटलं, नंदीबैल मिळाला जावई, बरं झालं, पोरीचं ऐकेल. आणि तो मनात हसत असणार.

चन्नवीर: हसला न्हाय. हसला असता तर मला कळलं असतं. हसणारी माणसं वळखतो मी.

दाक्षायणी: मग चेहरा का पडला तुमचा? तो तर तुम्हाला वाचवायलाच बघतोय.

चन्नवीर: त्यानं आणखी एक सांगितलं.

दाक्षायणी: काय?

चन्नवीर: जाऊ दे.

अक्कम्मा: सांग की रं. हितं कोण परकं हाय?

चन्नवीर: म्हणाला, मामा, वाईट वाटून घेऊ नका, हा सगळ्या गाड्यांत असतो. कुठलीबी गाडी घ्या. चावी फिरवली की क्षणभर येतो, इंजिन चालू झालं की जातो. आपल्या गाडीतबी पहिल्या दिवसापासून रोज येत हुता आन् जात हुता. मी बघितलाच न्हवता कधी.

दाक्षायणी: एवढंच? मग त्यात वाईट काय वाटायचं?

चन्नवीर: तुला न्हाय कळणार.

दाक्षायणी: कळेल असं सांगा.

अक्कम्मा: काठीचं सांग तिला, चन्नू.

दाक्षायणी: कुठली काठी? थर्मामीटरची?

चन्नवीर: खरी. नंदीध्वजाची. मी जत्रेत काठी पेलायचो, ठाऊक हाय तुला. कमरेला पट्टा, पट्ट्यात काठी, आन् वर आभाळापर्यंत नुसती काठी. वर बघायचं न्हाय. खाली बघायचं न्हाय. डुलली की पोटात कळतं. लोक दुतर्फा, आन् मधनं आपण. त्या दिवसापुरता मी चटणीवाला नसायचो.

दाक्षायणी: मग कंबर गेली.

चन्नवीर: कंबर गेली. डॉक्टर म्हणाला, आता पाण्याची घागरबी उचलायची न्हाय. तवापास्नं मी रस्त्याच्या कडंला उभा राहून अक्षता टाकतो. लोकांच्या मागं. यंदाबी गेलो. काठी माझ्या समोरनं गेली. ज्या पोराला मी पट्टा बांधायला शिकवला, तो पेलत हुता. त्यानं बघितलं न्हाय. बघायचंच नसतं, मीच शिकवलंय त्याला. तरी वाईट वाटलं. गाडीत येऊन बसलो, चावी फिरवली, आन् तो दिसला. पिवळा. आन् गेला न्हाय. घरापर्यंत आला. सकाळी बघितलं तर हायच. मला वाटलं, मला जाता येत न्हाय म्हणून तोच आला. आन् तू गॅरेज, गॅरेज.

दाक्षायणी: हे मला आधी का नाही सांगितलंत?

चन्नवीर: तू हसली असतीस.

दाक्षायणी: हसले नसते.

चन्नवीर: थोडी हसली असतीस.

दाक्षायणी: थोडी हसले असते. मग गाडी गॅरेजला नेऊन आणली असती, आणि तुमच्यासाठी देव्हाऱ्यात एक पितळी नंदी आणला असता. तो इंजिनापेक्षा स्वस्त पडला असता.

अक्कम्मा: मला ठाऊक हुतं.

चन्नवीर: काय ठाऊक हुतं, अव्वा?

अक्कम्मा: सगळ्या गाड्यांत असतो ते. श्रीपूरला गेले हुते की, माझ्या भैणीकडं, बसव्वाकडं. तिच्या पोराच्या गाडीत पुढं बसले, गुडघ्यामुळं. त्यानं चावी फिरवली, तितंबी आला. डोळा मिटून उघडला तर गेला.

चन्नवीर: मग बोलली का न्हाईस मला?

अक्कम्मा: काय बोलू? लई वर्षांनी तू सकाळी उठून आंघोळ करून हसत बाहेर जात हुतास. मी म्हटलं, सगळ्यांकडं येतो आन् जातो, आमच्या चन्नूकडं मुक्कामाला राहिलाय. राहू दे.

दाक्षायणी: आणि ती समई? ती काठी? तीर्थाची वाटी?

अक्कम्मा: एकदा देव मानला की पुढचं आपोआप दिसतं, यव्वा. आन् गुडघ्याला खरंच गुण आला हुता.

चन्नवीर: म्हंजे तू मला फसवलंस, अव्वा.

अक्कम्मा: फसवलं न्हाय. मी अजूनबी त्याला देवच म्हणते. पर आपल्या दोघांचं एक चुकलं, यप्पा. पाहुणा आला, उठंना, जाईना, तर त्याला इचारायचं असतं, बाबा, काय काम काढलंस? काहीतरी सांगायला आलेला असतो त्यो. आपण इचारलंच न्हाय. नुसतं जेवायला घालत बसलो.

दाक्षायणी: अहो, ट्रॅक्टर वळतोय. डावीकडं घ्या. हेच घर दिसतंय.

चन्नवीर: दारात कोण कोण हाय?

दाक्षायणी: सगळेच आहेत. मांडव घातलाय छोटा. हलगीवाला आहे. ती ठेंगणी, मोठ्या कुंकवाची, हातात ताट, त्याच सुंदरम्मा आज्जी असणार.

अक्कम्मा: ताटात काय हाय?

दाक्षायणी: निरांजन, विभूती, बेल. नारळ पण आहे. टायरखाली फोडणार वाटतं.

चन्नवीर: फोडू दे. आता टायरच तेवढा धड हाय.

अक्कम्मा: आन् गुळाचा खडा. नंदीसाठी.

दाक्षायणी: ओढलेली गाडी बघून कुणी हसत पण नाहीये. हात जोडतायत सगळे.

चन्नवीर: त्यांना वाटत असंल, नंदीची गाडी ओढतच आणायची असती. रथासारखी.

दाक्षायणी: अहो, ऐका.

चन्नवीर: काय?

दाक्षायणी: चावी अर्ध्यावरच आहे ना अजून? फिरवायची असेल तर फिरवा. मी काही बोलणार नाही.

चन्नवीर: तू?

दाक्षायणी: मी. एक दिवस दिसला तर दिसला. उद्या सांगू, देव परत गेला म्हणून. तेही काही खोटं नाही.

अक्कम्मा: फिरव, चन्नू. सून हो म्हणतीया. असा दिवस परत यायचा न्हाय.

चन्नवीर: व्हय.

दाक्षायणी: शिवू उतरला नाही अजून ट्रॅक्टरवरून. मागं वळून तुमच्याकडंच बघतोय. शर्ट सगळा काळा झालाय पोराचा, पाठीपर्यंत.

चन्नवीर: बघितलं.

दाक्षायणी: आज्जी निघाल्या हो. फिरवा लवकर. अहो... अहो, ही काय, चावी काढलीत?

चन्नवीर: मुक्काम लई झाला त्याचा. जाऊ दे आता.

दाक्षायणी: आणि आज्जींना काय सांगणार?

चन्नवीर: बघू.

अक्कम्मा: आली बघ. काच खाली कर तुझ्या बाजूची.

चन्नवीर: चावी काढल्यावर काच खाली हुत न्हाय, अव्वा. दार उघडतो.

अक्कम्मा: ती कानडीत इचारतीया, ‘नंदी यल्ली?’ नंदी कुटं बसलाय म्हणतीया, चन्नू. ताट धरून उभी हाय बिचारी. काय सांगू तिला?

चन्नवीर: सांग, पुढं हाय. ट्रॅक्टरवर.